फिलोमेना म्हणेपर्यंत

२०१४ साली मी त्रेसष्ट वर्षांचा होतो. शाळेच्या दाखल्यावर एकसष्ट आहे, पण तो दाखला मास्तरांनी अंदाजाने लिहिलेला, आणि शाळेत तरी मी कुठे चौथीच्या पुढे गेलो. आई सांगायची तेच वय खरं. त्या साली बस्त्यावअंकल पहिल्यांदा माझ्या गाळ्यावर आला. साकीनाक्याला मागच्या गल्लीत माझा गाळा. आत एक लेथ, एक ड्रिल मशीन, एक स्टूल. बाहेर बोर्ड नाही. ज्याला टर्नर पाहिजे असतो तो विचारत येतो.

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की म्हाताऱ्याने लपवलं. अंकलची गळाची काठी मोडली ती माझ्यामुळे. त्याला वाटलं स्वतःच्या हातामुळे मोडली. आणि मी त्याला दीड वर्ष तसंच वाटू दिलं. बाकी जे लिहितो आहे ते त्या माणसाबद्दल आहे, माझ्याबद्दल नाही. माझ्याबद्दल लिहिण्यासारखं काही असतं तर ते मीच कुणाला सांगितलं नसतं.

दुपारची वेळ होती. दारात एक उंच, वाळका म्हातारा उभा राहिला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खाकी हाफ पँट, पायात मोजे आणि पॉलिश केलेले काळे बूट. नाक हे एवढं. त्या नाकाचा त्याला उपयोग होता, तो पुढे येईलच. हातात लाल चौकटीच्या लुगड्याच्या कापडाची शिवलेली लांबडी पिशवी.

"मिस्त्री कोन हाय?"

"मीच. काय पाहिजे?"

"हात धुव पयला."

माझ्या गाळ्यात येऊन मला हात धुवायला सांगणारा हा पहिला माणूस. राग आला. पण त्याच्या आवाजात असं काही होतं की मी उठलो आणि साबणाने धुतले. त्याने ते उलटेपालटे करून बघितले, मग पिशवीची नाडी सोडली.

आत काठीचे दोन तुकडे निघाले. मधाच्या रंगाचे. जवळून बघितलं तर गोल नव्हते, सहा कोनांचे होते. बांबूच्या सहा पातळ पट्ट्या तासून, एकाला एक चिकटवून केलेली काठी, आणि सांध्याची रेघ नखाला लागत नव्हती. मी चाळीस वर्षं लोखंड कापतो आहे, मला चांगलं काम कळतं. पण तोंडावर कौतुक करायची मला सवय नाही.

"बांबू?" मी म्हणालो. "अंकल, आमच्या गावाला ह्याच्या टोपल्या करतात."

"मंग तुज्या गावाला मासं नसतील," तो म्हणाला.

दोन तुकडे जोडायला धातूच्या दोन नळ्या होत्या. खालच्या तुकड्यावर बाहेरची, वरच्या तुकड्यावर आतली. चांदीच्या वाटतात, पण जर्मन सिल्व्हर. त्यातल्या आतल्या नळीला तडा गेला होता. त्याने कंपनीला पत्र लिहिलं होतं, उत्तरही आलं होतं, ते उत्तर तो पिशवीतच ठेवायचा. मला इंग्रजी येत नाही, त्यानेच वाचून दाखवलं. ह्या काठ्या आम्ही कधीच्या बंद केल्या, सुटे भाग मिळणार नाहीत, नवीन प्रकार घ्यावा. काठीवर त्या कंपनीचं नाव सोनेरी अक्षरांत होतं, झिजून झिजून तीन अक्षरं उरली होती.

पत्राची घडी घालत तो म्हणाला, "कंपनीन बंद केली. मी नाय केली."

पुढे हे वाक्य मी त्याच्या तोंडून किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही. गिरण बंद पडली, नाक्यावरचा इराणी गेला, तळ्याकडची बस फिरवून दुसरीकडून न्यायला लागले, प्रत्येक वेळी तेच. त्यांनी बंद केली. मी नाय केली.

मी त्याला नळी करून दिली. त्याने ती हातात घेतली आणि नाकाच्या कडेला घासली. नाकपुडी आणि गाल ह्यांच्या मधल्या खाचेत, डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा. मी बघतच राहिलो.

"हे काय?"

"त्याल. देवान दिलेला. तुजा मशीनचा त्याल घातला तं धूल धरतो, सांदा खातो. नाकाचा बरोबर लागतो, जास्ती नाय, कमी नाय."

मी हसलो. खूप हसलो. त्याने लक्ष दिलं नाही. नळीत नळी घातली, सरळ ओढली, तेव्हा बाटलीचं बूच निघावं तसा टप्प आवाज झाला. परत घातली, परत ओढली. टप्प. डोळे मिटून त्याने तो आवाज सात-आठ वेळा ऐकला. मग म्हणाला, "बरा हाय." तेवढंच. पण मला ते आवडलं. माझं काम लोक डोळ्यांनी बघतात, मापाने बघतात. कानाने बघणारा पहिलाच.

घरी येऊन मी बायकोला, शांताला, नाकाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "त्यात हसायचं काय? सुई अडली की मी केसांतून फिरवते." तिचं साड्यांना फॉल लावायचं काम, बोटं तिची माझ्यापेक्षा बारीक चालतात. मी म्हणालो, सुई वेगळी. ती म्हणाली, "सुई वेगळी, तुमचं डोकं एकच."

तेव्हापासून अंकल यायला लागला. काम असो नसो. मरोळच्या जुन्या गावठाणात क्रुसासमोर त्याचं बैठं घर. औषधांच्या कारखान्यात टाइमकीपर म्हणून आयुष्य गेलेलं. बायको वारलेली, मुलगी लोर्ना लग्न होऊन वसईला. तो माझ्या स्टुलावर बसायचा आणि मी उभा राहून काम करायचो. एकदा दमट हवेने काठीचे तुकडे एकमेकांत अडकले. मी म्हणालो, द्या, वाइसच्या लोखंडी जबड्यात धरून काढतो. तो ओरडलाच. "वाइस? तुज्या मुंडीला लाव वाइस!" मग स्टुलावर बसून त्याने काठी गुडघ्यांच्या मागून आडवी घातली, दोन बाजूंनी दोन हातांनी धरली आणि गुडघे हळूहळू फाकवले. शेजारच्या गाळ्यातला पॉलिशवाला हे बघत होता. तो म्हणाला, "अंकल, अंडा देने बैठे क्या?"

"तू बी बस," अंकल म्हणाला. "तुज्याच्यान ता बी व्हनार नाय."

टप्प. सांधा सुटला. काठी न पिळता, सरळ. पिळायची नाही हा त्याचा मोठा नियम. पिळली की सहा पट्ट्यांचा जोड जातो. पुढे एक माणूस आला होता, उंच बिल्डिंगीतला, कुठून तरी अंकलची कीर्ती ऐकून. अशा जुन्या काठ्या आता कुणी करत नाही, म्हणून ज्यांच्याकडे आहेत त्यांच्या मागे लोक फिरतात म्हणे. त्याला ती काचेत घालून भिंतीला लावायची होती. मोठी रक्कम देतो म्हणाला. अंकलने रक्कम विचारलीच नाही. दोन तुकडे त्याच्या हातात दिले आणि म्हणाला, "जोड." त्या माणसाने नळीत नळी घातली आणि बाटलीचं झाकण लावतात तशी फिरवली.

अंकलने काठी काढून घेतली. "भिंतीला मासं लागत नाय," म्हणाला आणि पिशवीची नाडी बांधायला लागला. तो माणूस गेल्यावर बराच वेळ पुटपुटत होता, "पिळली. मिस्त्री, तू बगितलास ना? पिळली त्यान."

मी एकदाच त्याच्याबरोबर पवईच्या तळ्यावर गेलो. एकदाच म्हणजे पहिल्या वेळी. दुसऱ्यांदा गेलो तेव्हाचं वेगळं. मला मासेमारी म्हणजे गळाला कणकेचा गोळा लावायचा आणि बसायचं, एवढंच माहीत. ह्याच्या गळाला कणीकही नव्हती, गांडूळही नव्हतं. कोंबडीच्या पिसाची केलेली नखाएवढी खोटी माशी. तिला वजन नाही, म्हणून फेकायची ती माशी नाही, दोरी. काठी मागे न्यायची, दोरी डोक्यावरून मागे सरळ पसरू द्यायची, ती पुरती पसरली की काठी पुढे. मग दोरी पुढे उलगडत जाते आणि शेवटी ती माशी पाण्यावर अशी टेकते की पाण्याला कळू नये.

खरी गोम मधल्या थांबण्यात. लवकर पुढे आणली तर दोरी चाबकासारखी वाजते आणि माशी तुटते. उशीर केला तर मागच्या झुडपात. अंकल काठी मागे न्यायचा आणि तोंडातल्या तोंडात म्हणायचा, "फि-लो-मे-ना." मग पुढे.

मी विचारलं, "कुठली प्रार्थना?"

"बायको," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याने तिला म्हटलं होतं, मला एक गळाची काठी पाहिजे. ती नर्स होती. परदेशी निघालेल्या एका कुटुंबाचं सामान विकायला होतं, तिथून जास्तीच्या पाळ्यांच्या पैशांतून तिने ही आणली. हौसेने आणली आणि चुकीची आणली. त्याला पाहिजे होती साधी, कणकेच्या गोळ्याची. ही तर पिसाच्या माशीची, इकडे कुणाला माहीतही नसलेली.

"परत केली नाहीत?"

"आगबोटीत बसून गेले ते. कोनाला परत करू? आनि ती विचारायची, चांगली हाय ना? मी बोललो, झकास. मंग काय, शिकलो." एका चित्रांच्या पुस्तकावरून, चर्चच्या मागच्या मैदानात, गवतावर दोरी फेकून तो दोन वर्षं शिकला. बायको पायरीवर बसून बघायची. तिचं नाव म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळात ह्या काठीची दोरी मागे सरळ होते, हे तिथे कळलं. "घरान फिलू बोलायचो. काठी हातान असली का फिलोमेना."

लोर्नाच्या नवऱ्याने गल्फमधून त्याला कार्बनची नवी काठी आणून दिली होती. हलकी, ताठ, लांब फेकणारी. त्याने ती महिनाभर वापरून कपाटावर ठेवली. "ती घाई करते, मिस्त्री. फिलू बोलेपर्यंतच दोरी सरल. बाकीचा नाव मी कुठं ठेवू?"

एवढं मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. ती काठी चांगली होती म्हणून जपलेली नव्हती, आणि जुनी होती म्हणूनही नाही. त्याचा हात त्या काठीच्या मापाने घडला होता. दुसऱ्या कुठल्या काठीवर तो हात बसणार नव्हता. मी टर्नर. कुठला भाग कुठल्या भागात बसतो हेच माझं शिक्षण. तरी नाही कळलं.

२०१७ च्या थंडीत तो आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि बोट एकमेकांवर घासल्यासारखे हलत होते. मी म्हणालो, "अंकल, तंबाखू मळायला कधीपासून लागलात?" त्याने हात खिशात घातला. तो असा हात खिशात घालणारा माणूस नव्हता.

ह्या वेळी बाहेरची नळी गेली होती, खालच्या तुकड्यावरची. ही नळी नुसती गोल नसते. जिथे ती बांबूवर बसते त्या कडेला तिला बारीक चिरा दिलेल्या असतात आणि त्या पाकळ्या कानशीने घासून कागदासारख्या पातळ केलेल्या असतात. त्यावर रेशमी दोरा गुंडाळतात, वरून वार्निश. दोऱ्याखाली पाकळ्या दिसत नाहीत.

"जसा हाय तसाच कर, मिस्त्री," तो म्हणाला. "त्याच्यान तुजा काय घालू नको."

हे वाक्य मला लागलं. आता लिहिताना वाटतं, त्यात लागण्यासारखं काही नव्हतं. पण मी मशीनवर उभा राहून साहेब लोकांचे नकाशे चुकीचे ठरवलेला माणूस. मला कुणी सांगितलं की तुझं काही घालू नको, की माझ्या अंगात काहीतरी ताठ होतं. मी त्या जुन्या पाकळ्या बघितल्या. एवढ्या पातळ? अशा कडेला जोर कसा राहणार? करणाऱ्याने माल वाचवला असणार. मी नवी नळी केली ती शेवटपर्यंत जाड, कड सरळ, चिरा नाहीत. मजबूत. मनात म्हटलं, कंपनीला जमलं नाही ते साकीनाक्याने केलं.

दोरा तो स्वतः गुंडाळायचा. ह्या वेळी म्हणाला, हात जरा आळशी झाला आहे, वहिनींना सांगशील का? शांता गुंडाळायला बसली. जुनी नळी शेजारीच पडली होती. तिने दोन्ही बघितल्या.

"अहो, हिला पाकळ्या होत्या. तुमच्या नळीला नाहीत."

"त्यांचं काम नाही. तू दोरा गुंडाळ."

"त्यांनी तसंच करा म्हटलं होतं ना?"

"मिस्त्री कोण आहे, तू का मी?"

तिने गुंडाळला. एक वेढा दुसऱ्यावर चढू न देता, साडीच्या काठासारखा. वार्निश वाळल्यावर त्या दोऱ्याखाली माझी चूक अशी झाकली गेली की अंकलने नळीवर बोट फिरवून "वहिनीचा हात देवाचा हाय" म्हटलं. मग मला विचारलं, "पाकल्या घेतल्यास ना?"

मी म्हणालो, "घेतल्या."

तो रविवारी मला तळ्यावर घेऊन गेला. नवीन सांधा होता म्हणून, मी बघायला पाहिजे म्हणून. किनाऱ्याला जलपर्णी माजली होती, पण त्याची एक मोकळी जागा ठरलेली होती. त्याने सांधा नाकाला लावला, जोडला. फेकायला लागला. चौथ्या की पाचव्या वेळी एक मासा लागला. फार मोठा नाही, चिलापीच असेल, पण काठी वाकली. आणि एक आवाज आला. टप्प नाही. सुकं लाकूड मोडल्याचा.

काठी नळीच्या खालच्या कडेला मोडली होती. बरोबर कडेला. मला एका नजरेत कळलं. पातळ पाकळ्या असत्या तर त्या बांबूबरोबर वाकल्या असत्या. माझी जाड कड वाकली नाही, आणि सगळा वाक त्या एका रेघेवर आला. पाकळ्या माल वाचवायला नव्हत्या. कुणीतरी, कधीतरी, माझ्यापेक्षा शहाण्या माणसाने त्या घासल्या होत्या.

अंकलने मोडलेली जागा बघितलीच नाही. त्याने स्वतःचा हात बघितला. तो हात आता मांडीजवळ लटकत होता आणि बोटं हलत होती, तंबाखू मळल्यासारखी.

"झटका बसला," तो म्हणाला. "हातान झटका दिला. हात गेला माजा, मिस्त्री."

तेव्हा बोलायचं होतं. चार शब्दांचं काम होतं. मी काय केलं, तर खाली वाकून दोरी गोळा केली.

त्यानंतर तो गळाला गेला नाही. माझ्या गाळ्यावर यायचा, पण कमी. चहाचा ग्लास डाव्या हाताने घ्यायचा. दाढी नाक्यावरच्या न्हाव्याकडे करायला लागला; आधी स्वतःची स्वतः करायचा आणि त्याचा त्याला अभिमान होता. बूट तसेच धुळीचे. त्याला बरं नाही हे खरंच होतं, डॉक्टरची गोळी चालू होती, मी डॉक्टर नाही. पण डॉक्टरने त्याला काठी सोडायला सांगितलं नव्हतं. ती मी सोडायला लावली होती.

शांता महिन्यातून एकदा तरी विचारायची. "सांगितलंत?"

"सांगेन."

"कधी?"

"तुला काय करायचंय?"

"दोरा मी गुंडाळलाय," ती म्हणायची. "अर्धं पाप माझ्या बोटांना आहे."

मला स्वतःलाच मी समजावायचो. आता सांगून काठी जोडली जाणार आहे का? माणूस दुखावेल. वाईट वाटेल. खरी गोष्ट अशी की मला "मिस्त्री" म्हणणारा तो एकच होता, ज्याच्या म्हणण्याने मला मिस्त्री असल्यासारखं वाटायचं. ते जाईल ह्याची भीती होती. त्यासाठी मी एका म्हाताऱ्याचा हात विकला.

२०१९ च्या मे महिन्यात तो दुपारी आला. लाल चौकटीची पिशवी घेऊन. स्टुलावर बसला, पिशवी माझ्या लेथवर ठेवली. "उद्या सकाली लोर्ना नेते वसईला," म्हणाला. "एकटा ऱ्हायचा नाय बोलते. ही तू ठेव."

"मी काय करू?"

"तुजा हात चालतो अजून. माजा तं बंद पडला." मग म्हणाला, "ह्या बारीला मीच बंद केली."

त्याने माझ्या खांद्यावर डावा हात ठेवला आणि गेला.

मी पिशवी घरी नेली. शांता हातातलं फॉलचं काम बाजूला ठेवून उठली. पिशवी सोडली, खालच्या काठीचा मोडून सुटलेला नळीचा तुकडा काढला, फॉलची छोटी कात्री घेतली आणि स्वतः गुंडाळलेला रेशमी दोरा सरसर कापून काढला. वार्निशचे कपचे फरशीवर पडले. नळीची जाड, सरळ कड उघडी पडली. तिने तो तुकडा माझ्यासमोर धरला.

"हे घेऊन जा."

"उद्या सकाळी ते निघण्याआधी..."

"उद्या नाही. आत्ता. नाहीतर मी जाते आणि सांगते."

पुढचं काय झालं ते आधी सांगतो, कारण ते थोडं आहे. काठी मी नंतर दुरुस्त करून लोर्नाकडे पाठवली. तिने फोनवर पोचली म्हणून सांगितलं. मी म्हणालो, अंकलला दे फोन. ती म्हणाली, ते नको म्हणतात. तो माझ्याशी परत कधी बोलला नाही. दोन वर्षांनी वसईलाच वारला. लोर्ना म्हणाली, घरामागे बावखल आहे, म्हणजे त्यांच्याकडचं छोटं तळं. सकाळी तिथे उभे असायचे, मासा नसला तरी. माझं नाव घ्यायचे का, असं मी विचारलं नाही. मी हट्टी आहे, पण सगळंच विचारायचा हट्ट करू नये.

तर त्या संध्याकाळी मी मरोळला गेलो. घरात सामान बांधून ठेवलं होतं. तो खिडकीशी खुर्चीत बसला होता, उजवा हात मांडीवर, बोटं आपली चालूच. लोर्नाने चहा ठेवते म्हटलं. मी म्हणालो नको, आणि तो तुकडा त्याच्या हातात दिला.

"अंकल, कड बघा."

त्याने चष्मा लावला नाही. अंगठ्याचं नख त्या कडेवरून फिरवलं. एकदा. मग नळी फिरवून दुसऱ्या बाजूने. चिरा शोधत होता. नाहीत म्हटल्यावर नख थांबलं.

"पाकल्या?"

"नाही घेतल्या."

"मी काय सांगितलेला तुला?"

"जसं आहे तसंच कर."

"आनि तू?"

"मजबूत केलं."

"मजबूत," तो म्हणाला. असं म्हणाला की तो शब्द मी त्यानंतर गिऱ्हाइकासमोर वापरलेला नाही. "मंग ही कडेला मोडली. माज्या हातान नाय."

"हाताने नाही. माझ्यामुळे."

"तुला कधी कलला?"

"तिथंच. तळ्यावर. मोडली तेव्हाच."

त्याने नळी मांडीवर ठेवली. आवाज चढवेल असं वाटलं, तेही बरं झालं असतं. "दीड वरीस," तो म्हणाला. "दीड वरीस मी ह्या हाताला शिव्या घालतंय. गोली घेताना शिव्या, जेवताना शिव्या. फिलूच्या फोटोला हात लावत नव्हतो ह्या हातान. आनि तू माज्यासमोर बसून च्या पीत होतास."

मी बांधलेल्या सामानाकडे बघितलं.

"नीग," तो म्हणाला.

"अंकल..."

"नीग, सुखदेव."

पाच वर्षांत पहिल्यांदा त्याने मला नावाने हाक मारली. मिस्त्री नाही. तुकडा त्याने मला परत दिला, ढकलल्यासारखा. लोर्ना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिच्याकडे न बघता मी बाहेर पडलो.

मलाही राग आला होता, खोटं कशाला सांगू. सांगायला आलो तर हे असं. अंगणाचं फाटक लावायला वळलो तेव्हा खिडकी समोर आली. आत दिवा लागला होता. तो उठून उभा राहिला होता, एकटा, हातात काहीच नाही. उजवा हात समोर धरलेला आणि बोटं हलत होती. मग त्याने तो हात खांद्याच्या मागे नेला. मागे नेताना बोटं थांबली. ओठ हलले. चार वेळा. आणि हात पुढे आला, सरळ, सावकाश, पाण्याला कळू नये असा.

हात परत मागे गेला तेव्हा मी फाटकाची कडी आवाज न करता लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहालाच गाळा उघडला. हात साबणाने धुतले. मोडका बांबू कापून सरळ केला, चार बोटं आखूड झाला, त्याला इलाज नव्हता. जर्मन सिल्व्हरचा तुकडा लेथला लावला आणि कंपनीची जुनी नळी समोर ठेवून तशीच नवी केली. सहा चिरा दिल्या. पाकळ्या कानशीने घासत राहिलो, नखाने दाबल्यावर वाकेपर्यंत. सांध्यात माझं काही घातलं नाही. मग शेजारचा पॉलिशवाला अजून आलेला नाही हे बघून घेतलं, आणि आतली नळी नाकाच्या कडेला घासली, डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा.